सूपवाल्या मावशींचा ब्रेक

दर अकरा महिन्यांनी मावशींची नोकरी जायची. जायची म्हणजे अगदी रीतसर. ठेकेदाराचा माणूस यायचा, सही घ्यायचा, गळ्यातलं ओळखपत्र काढून घ्यायचा, वर "धन्यवाद बरं का मावशी" म्हणायचा, आणि दोन दिवसांनी तेच ओळखपत्र पुन्हा गळ्यात घालून दुसरी सही घ्यायचा. ह्याला म्हणायचं ब्रेक. वर्ष सलग भरलं तर माणूस हक्काचं काहीतरी मागून बसेल, म्हणून ते भरायच्या आतच धागा तोडून टाकायचा, इतकी साधी युक्ती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात केस पांढरे होईपर्यंत मावशी सूप करत राहिल्या, आणि कागदावर मात्र त्या कायम नव्याच. "मी काय बाई, आत्ताच लागलेय कामाला, मला काय कळतंय," असं पातेल्यात पळी फिरवत म्हणायच्या आणि सगळ्यांना हसवायच्या.

बरं, ब्रेकमध्ये घरी बसायचं म्हणाल तर तेही नाही. पेशंटला कुठला आलाय ब्रेक? त्याला सकाळी सूप लागतंच. तेव्हा मावशी त्या दोन दिवसांतही यायच्या, तेच काम करायच्या, फक्त गळ्यात काही नसायचं आणि मजुरी रोख मिळायची, तीही रोजच्यापेक्षा कमी. एखादी नवी पोरगी विचारायची, "मग यायचंच कशाला आपण?" तिच्याकडे जुन्या बायका अशा बघायच्या, की बिचारी पुन्हा तोंड उघडायची नाही. नाही आलं तर ओळखपत्र दुसऱ्याच्या गळ्यात. संपला विषय.

आता कुणी म्हणेल, सूप करण्यात काय मोठंसं आहे, भाज्या उकळायच्या आणि गाळायच्या. या म्हणावं एकदा खाली तळघरात. एका ओळीत चार भट्ट्या, डोक्यावर धूर ओढणारा पंखा, तोही लहर लागेल तेव्हा फिरणारा. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचं सूप वेगळं, बिनमिठाचं वेगळं, आणि नळीतून पाजायचं ते इतकं गाळलेलं की एक कण राहता कामा नये, राहिला की नळी तुंबली आणि वरून नर्सबाईंचा फोन आलाच. दोन्ही हातांनी फडकं पिळून पिळून मावशींच्या मनगटांना कायमची सूज. बसायला स्टूल नव्हतं. मागितलं तेव्हा साहेब म्हणाले, स्टूल दिलं की माणसं बसतात. आता स्टुलावर माणूस बसणार नाही तर काय उभा राहणार? पण हे बोलायचं कुणी?

पगाराबद्दल न बोललेलं बरं. खोलीचं भाडं आणि किराणा झाला की तो संपायचा, आणि कधी चुकून वाढलाच तर घरमालकाला त्याचा वास आधी लागायचा. मावशी त्या नोकरीला चिकटून होत्या त्या पगारासाठी नव्हेच. त्या चिकटून होत्या कार्डासाठी. ठेकेदाराकडे नाव लागलेल्या माणसाला उपचाराचं कार्ड मिळायचं, घरच्या माणसासकट. त्याचे पैसे पगारातूनच कापायचे, उपकार नव्हते कुणाचे. पण ते कार्ड होतं म्हणून मावशींचा नवरा जिवंत होता. ही अलंकारिक भाषा नव्हे हो. सोमवारी आणि गुरुवारी त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर काका मशीनला लागायचे, त्यांचं रक्त धुऊन निघायचं, आणि पुढच्या तीन-चार दिवसांची सोय व्हायची.

काका म्हणजे मावशींचे यजमान. सगळं आयुष्य वेटर म्हणून गेलं त्यांचं. मोठं हॉटेल, पांढरे शर्ट, काळे बूट, चेहऱ्यावर हसू. त्या हॉटेलात एक नियम होता: गिऱ्हाइकासमोर पाणी प्यायचं नाही, आणि गर्दीच्या वेळी मोरीकडे जायचं नाही. गेलात तर टेबल दुसऱ्याला. टेबल गेलं की टिप गेली, आणि पगार असा की टिपेशिवाय घर चालायचं नाही. म्हणून मग काका पाणीच प्यायचे नाहीत. दिवसभर दुसऱ्यांचे ग्लास भरायचे आणि स्वतः कोरडे. पाय ठणकले की वेदनेची गोळी, घोट घेऊन गिळायची तीही नाही, नुसती चावायची. वर्षानुवर्षं हे चाललं आणि शेवटी दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. मालकाने फळांची टोपली पाठवली. टोपली घरी पोचायच्या आत त्यांच्या जागी दुसरा वेटर उभा होता.

पण माणूस मोठा गमत्या. आता डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं, दिवसाचा एक पेला. मावशी तो भरून समोर ठेवायच्या, तर काका खांद्यावर टॉवेल टाकून स्वतःलाच अदबीने विचारायचे, "साहेब, साधं पाणी चालेल की बाटलीतलं?" मग पलीकडे बसून साहेबी आवाजात, "बाटलीतलं आण. आणि बर्फ घाल." मावशी म्हणायच्या, "अहो, पुरे आता, गिळा ते." मावशींना ते शेफ म्हणायचे. "शेफ, आज काय विशेष?" विशेष म्हणजे बिनमिठाचा भात आणि बिनमिठाची भाजी. "वा," म्हणायचे, "गिऱ्हाईक खूश आहे, टिप उद्या देतो."

तर हा ब्रेक आला की मावशी आधी वार मोजायच्या. कारण ब्रेकमध्ये कार्ड बंद. मॅनेजरांना आधीपासून गोड बोलून, हातापाया पडून, त्या दरवेळी ब्रेक मंगळवार-बुधवारी पाडून घ्यायच्या. सोमवारी काका मशीनला लागून मोकळे, गुरुवारी कार्ड पुन्हा चालू. मधल्या दोन दिवसांत काकांना साधी शिंक आली तरी मावशींचा जीव टांगणीला. अशी इतकी वर्षं निभावली. मॅनेजर तसा वाईट नव्हता. तोही ठेकेदाराचाच नोकर, त्यालाही ब्रेक असायचा, फक्त त्याचा मान ठेवून त्याला ब्रेक म्हणत नसत.

ह्या खेपेला मंगळवारी ओळखपत्रं काढून घेतली आणि बुधवारी कळलं की ठेकेदारच बदललाय. जुन्याचं बिल तुंबलं होतं म्हणे, त्याने हात झटकले. नवा आला. आला म्हणजे त्याच्या नावाची पाटी आली. तो स्वतः काही येईना. "सगळ्यांना घेणार आहेत, कुणी घाबरू नका," मॅनेजर म्हणाला, "फक्त कागद व्हायचेत. चार दिवसांत होतील. तोवर आपलं रोख चालू."

गुरुवारी काका नेहमीप्रमाणे स्वच्छ शर्ट घालून मावशींबरोबर दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथल्या टेबलावरची मुलगी मावशींना ओळखायची, दुपारी खालीच जेवायची. तिने तीन-तीनदा नंबर घालून पाहिला. "मावशी, कार्ड बंद दाखवतंय हो. मी काय करू? मशीन उघडतच नाही त्याशिवाय." किडनीच्या डॉक्टरांनी मग स्वतःच्या शब्दावर शुक्रवारी एक खेप करून दिली. देवमाणूस. त्यांना वरून तंबी मिळाली की इस्पितळ काही तुमच्या घरचं नाही. सोमवारी ते मावशींची नजर चुकवून जिन्याने गेले. लिफ्ट समोर होती तरी.

बाहेर करायचं म्हटलं तर दोन खेपांत मावशींचा महिन्याचा पगार संपला असता, आणि जुन्या ठेकेदाराने शेवटचा पगारही दाबून ठेवलेला. मुलगी परगावी दिली होती, तिला फोन केला तर ती फोनवरच रडायला लागली. तिचा नवरा दुसऱ्याच्या खानावळीत पोळ्या लाटणारा, तो कुठून आणणार? मावशींनी उलट तिचीच समजूत काढली आणि फोन ठेवला.

सोमवारी संध्याकाळी चहावाल्याने सगळ्यांना धुण्याच्या नळापाशी गोळा केलं. हा चहावाला म्हणजे चहाची मोठी किटली आणि ट्रेची ट्रॉली सांभाळणारा, तिशीचा, तोंडाने फटकळ, पण मावशींवर माया करणारा. त्याची बायको पोटुशी होती, आठवा सरत आलेला, तेव्हा कार्डाची गरज त्यालाही होतीच.

"मी सांगतो ऐका," तो म्हणाला. "हे चार दिवस चाळीस दिवस होतील. का होणार नाहीत? त्याला काय अडलंय? आपण रोज येतोय, रोज ट्रे वर जातायत, आणि त्याचा कार्डाचा पैसा वाचतोय. मी त्याच्या जागी असतो तर मीही सही केली नसती! उद्या सकाळी भट्टी पेटवायचीच नाही. एक सकाळ. फक्त एक. पेशंटला सूप गेलं नाही की डॉक्टर बोंबलतील, मोठे साहेब बोंबलतील, आणि दुपारपर्यंत तो ठेकेदार धावत येऊन सह्या करतो की नाही बघा."

"आणि आपल्यालाच काढलं तर?" पोळ्यावाली म्हणाली.

"कुठून काढतील? आपण आहोत कुठे त्यांच्याकडे? ज्याला ठेवलंच नाही त्याला काढणार कसं?"

ह्यावर सगळे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मावशीही हसल्या. ठरलं. सगळ्यांनी हो म्हटलं, मावशींनीही. "काकांसाठी करतोय मावशी," चहावाला म्हणाला, "माझ्यासाठीही करतोय, खोटं कशाला बोलू. पण काकांसाठी आधी." मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आणि मग निघताना मॅनेजरने मावशींना बाजूला घेतलं. अशा गोष्टी कळतातच हो, भिंतीला कान असतात आणि कानाला मोबाईल. तो रागावला नाही, ओरडला नाही. तेच वाईट झालं. ओरडला असता तर मावशी बिथरल्या असत्या.

"मावशी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाकीच्यांचं मी बघतो, नाश्ता बाहेरून मागवता येईल. सूप नाही मागवता येत. तुम्ही फक्त उद्याचं सूप चुकवू नका. नव्या शेठना मी तुमचं नाव सगळ्यात आधी देतो. तुमचं कार्ड पहिलं. गुरुवारच्या आत. माझी जबाबदारी."

"शप्पथ?"

"शप्पथ मावशी. काकांचं मला कळत नाही का?"

त्याला खरंच कळत होतं, हे मी तुम्हाला सांगते. तो लबाडी करत नव्हता. पण ज्याच्या हातात काही नाही त्याने जबाबदारी घेतली काय आणि न घेतली काय.

त्या रात्री मावशींनी काकांना काही सांगितलं नाही. काकांचे पाय सुजून बूट घालण्याजोगे राहिले नव्हते, आणि आडवं पडलं की दम लागायचा म्हणून ते भिंतीला टेकून बसायचे. "शेफ," ते म्हणाले, "ह्या वयात माणसाचे पाय वाढतात का गं? नवे बूट घ्यावे लागणार." मावशींनी त्यांच्या पायांवरून हात फिरवला तर बोटांचे खड्डे तसेच राहिले.

मंगळवारी सकाळी मावशी नेहमीपेक्षा लवकर गेल्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. पाय मागे फिरत होते, पण डोळ्यांपुढे काकांचे पाय होते. वर नळी लावून पडलेली माणसंही डोळ्यांपुढे आली, नाही असं नाही. पण उगाच मोठेपणा कशाला द्या, मावशींनी भट्टी पेटवली ती पेशंटसाठी नव्हे, नवऱ्यासाठी. गाजरं चिरली, भोपळा चिरला, उकळत ठेवलं, गाळलं, पिळलं. सगळं एकटीने केलं. मॅनेजरने स्वतः ट्रॉली ढकलत वर नेली.

बाकीचे फाटकाशी उभे होते. वाट बघत होते, वरून आरडाओरडा कधी होतो त्याची. कशाचा आरडाओरडा? पेशंटला सूप मिळालं होतं. डॉक्टरांचा नाश्ता पाकिटांतून आला, त्यांनी तो जरा तोंड वाकडं करून खाल्ला आणि कामाला लागले. उन्हं चढायच्या आत एकेक बाई पदर सावरत आत आली. सगळ्यांत शेवटी चहावाला. तो मावशींसमोर येऊन उभा राहिला.

"का हो मावशी?"

"गुरुवारच्या आत देतो म्हणालाय रे."

"आणि तुम्ही विश्वास ठेवला."

"मग कुणावर ठेवू? तुझ्यावर ठेवला असता आणि फसलं असतं तर? मला फसायला वेळ नाही रे बाबा." "तुझं बाळ महिन्याभराने यायचंय. माझ्याकडे गुरुवार आहे."

चहावाल्याने किटली उचलली आणि तो गेला. रागावला होता की त्याला कीव आली होती, कोण जाणे. त्या दिवशी त्याने मावशींना चहा दिला नाही, एवढं मात्र खरं.

गुरुवार आला. मॅनेजरने मावशींचं नाव खरोखरच पहिलं घातलं होतं, पण ते नाव ज्याच्याकडे पोचायचं तो नवा शेठ मुलाला परदेशी पोचवायला गेला होता. "शनिवारी नक्की," मॅनेजर म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो फोन लावत होता आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं. मावशी दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्या मुलीच्या टेबलापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, "मावशी, असं नका ना उभ्या राहू." तिचे डोळे भरले होते. पण मशीन काही डोळे बघून उघडत नाही.

शनिवारी पहाटे काकांना श्वास घेववेना. रिक्षात घालून मावशींनी त्यांना इस्पितळात आणलं, त्याच इस्पितळात, आणि तातडीच्या खोलीत घेतलं त्यांना. तिथे कार्ड विचारत नाहीत, तेवढा कायदा आहे. ऑक्सिजन लावला, सुई टोचली. डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, वर कळवलंय, मशिनं सगळी भरलेली आहेत, सकाळची पाळी सुटली की पहिल्यांदा ह्यांना घेऊ. मावशींचा जीव भांड्यात पडला. ह्यांना घेऊ, म्हणाली! इतके दिवस हे दोनच शब्द हवे होते. काकांनी मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं. मावशींनी कान लावला.

"भट्टी पेटली का गं?"

"जळो ती भट्टी. तुम्ही गप्प पडा."

तेवढ्यात मॅनेजर आला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. केस विसकटलेले, शर्ट बाहेर. काकांकडे बघून तो हादरला. मग चाचरत म्हणाला, "मावशी, मी बसतो इथे. खरंच बसतो, हलत नाही. वर नळीवाले पेशंट खोळंबलेत... तुम्ही आलातच आहात तर तेवढं... इतर कुणाला ते गाळणं जमत नाही हो." हे बोलताना त्याची मान खाली होती. लाज वाटत होती त्याला. पण बोलला.

तुम्ही म्हणाल, मावशींनी तिथल्या तिथे त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. मीही तेच म्हणते. पण ज्या बाईने आयुष्यात कधी एक सूप चुकवलं नाही, आणि जिला वाटतंय की आज जर चुकवलं तर ते 'पहिल्यांदा घेऊ' सुद्धा कुणी मागे घेईल, तिने काय करावं? काकांनीच हाताने खूण केली, जा. वेटरची खूण, दोन बोटं, गिऱ्हाईक थांबलंय अशी. मावशी खाली गेल्या.

गाळणं अर्ध्यावर आलं होतं. चहावाला पहिली ट्रॉली घेऊन वर गेला आणि लगेच परतला. ट्रॉली भरलेली तशीच. त्याने ती दाराशी सोडली आणि तो मावशींजवळ आला. फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. भरलेली ट्रॉली त्या स्वयंपाकघरात कधीच परत आलेली नव्हती.

मावशी मोठ्याने रडल्या नाहीत. "मी वर असायला हवं होतं," एवढंच त्या म्हणत राहिल्या, "मी वर असायला हवं होतं रे." आणि चहावाल्याने त्यांना धरून जिन्याने नेलं, कारण लिफ्ट ट्रॉल्यांसाठी राखून ठेवलेली असायची त्या वेळी.

पुढच्याच आठवड्यात सह्या झाल्या. इस्पितळाची तपासणी लागली होती, कागद नसलेली माणसं स्वयंपाकघरात सापडली तर ठेकाच रद्द झाला असता, तेव्हा शेठ धावत आला. एका दुपारीत सगळ्यांची ओळखपत्रं, सगळ्यांची कार्डं. मॅनेजर मावशींचं कार्ड घेऊन त्यांच्या खोलीवर गेला. मावशींनी ते घेतलं, पाणी दिलं त्याला. तो रडला तर त्यालाच धीर दिला. काय करायचंय त्या कार्डाचं, हे तोही बोलला नाही आणि त्याही बोलल्या नाहीत.

आणि मग एका सकाळी मावशी आल्या. अंगावर कामाचे कपडे नव्हते. स्वयंपाकघराला दोन दारं, एक आतलं आणि एक नळाकडचं, पण भट्ट्यांकडे जायला वाट एकच, अरुंद, पायरीची. त्या पायरीवर मावशी बसल्या. पाय पुढे सोडून, पाठ चौकटीला लावून. इतक्या वर्षांत त्या जागी त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"आज भट्टी पेटायची नाही," त्या म्हणाल्या.

पोळ्यावालीने विचारलं, "पण मावशी, आता कार्डं मिळाली की."

"मिळाली ना. मग आज राहू दे. मला काही नको. पगार नको, स्टूल नको. एक सकाळ. त्या मंगळवारची राहिलेली. एवढी एक मला द्या, मग मी उठते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काहीजणी रडायला लागल्या. पण कुणी मावशींशेजारी बसलं नाही. गळ्यात ओळखपत्रं होती, कोरी करकरीत, आणि अकरा महिन्यांतले जेमतेम काही दिवस झालेले. आज बसलं तर आजच जातील. वर घड्याळ पुढे सरकत होतं, फोन वाजत होता. मॅनेजर दारापर्यंत आला, मावशींना बघितलं, आणि पुढे येण्याचं त्याला धाडस झालं नाही. त्याने चहावाल्याकडे बघितलं.

चहावाला मावशींपुढे उकिडवा बसला. "मावशी, आता कशाला हो? आता काय होणार त्याने?"

"तूच म्हणालास ना, एक सकाळ."

"तेव्हा म्हणालो."

"तुझं बरोबर होतं रे. मी चुकले. तुझं ऐकलं असतं तर माणूस माझा..." त्यांनी पायरीची कड घट्ट धरली. "मी चुकले हे मला एकदा नीट करू दे."

"मावशी, नववा लागलाय तिला," चहावाला म्हणाला. "डॉक्टर म्हणतात कापूनच काढावं लागेल." तो त्यांच्या डोळ्यांत बघू शकत नव्हता. "नववा लागलाय हो."

मावशी हलल्या नाहीत. चहावाला उठला, बाहेर नळाकडे गेला.

आता मोठ्या स्वयंपाकघरात एक रीत असते. पातेलं घेऊन कुणी मागून आलं की ओरडतं, "गरम!" आणि समोरचा माणूस बाजूला होतो. विचार करत नाही, वळून बघत नाही, वाद घालत नाही. आधी अंग हलतं, मग डोकं. उकळत्या पातेल्यापुढे विचार करायला थांबलेली माणसं सगळ्यांनी एकदा पाहिलेली असतात, पुन्हा पाहायची कुणाची इच्छा नसते.

"गरम! गरम! बाजूला!"

आणि मावशी उठल्या. एका झटक्यात, सुजलेल्या गुडघ्यांवर, पदर आवळून, पाठ भिंतीला चिकटवून. चहावाला दोन्ही हातांत मोठं पातेलं धरून त्यांच्या पुढून पायरी चढून आत गेला. जाताना पातेल्याची कड मावशींच्या दंडाला लागली. ती थंडगार होती. पातेलं रिकामं होतं, नुकतंच नळाखाली विसळलेलं.

त्याच्यामागोमाग बाकीच्या बायका मान खाली घालून एकेक करून आत गेल्या. मावशी भिंतीला पाठ लावून तशाच उभ्या होत्या. आतून कुणीतरी गाजरं चिरायला घेतली, आणि चहावाल्याने काडी ओढली.